राष्ट्रीय ग्रंथालयाची भूमिका व सेवा : मराठी ग्रंथसंपदेच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ग्रंथालय ही समाजाची स्मृती आहे, असे विधान नेहमी केले जाते. परंतु ही स्मृती आपोआप टिकत नाही. कोणता ग्रंथ केव्हा छापला गेला, त्याची प्रत कोठे ठेवली गेली आणि पुढील पिढीतील अभ्यासकाला ती कशी सापडेल, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या व्यवस्थेत मिळतात त्या व्यवस्थेच्या शिरोभागी राष्ट्रीय ग्रंथालय असते. सार्वजनिक ग्रंथालय आजच्या वाचकाच्या गरजेनुसार ग्रंथ निवडते, महाविद्यालयीन ग्रंथालय अभ्यासक्रमानुसार निवडते. राष्ट्रीय ग्रंथालयाला मात्र आज कोणी मागणार नाही असा ग्रंथही ठेवावा लागतो, कारण तो शंभर वर्षांनी कोणाला हवा असेल हे आज सांगता येत नाही.

भारताच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा इतिहास बहुधा कोलकात्याच्या एका वास्तूचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्या संस्थेचा महाराष्ट्राशी व मराठी ग्रंथांशी असलेला संबंध त्यामुळे दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या संस्थेची जडणघडण, तिची कायदेशीर भूमिका व तिच्या सेवा यांचा आढावा घेऊन मराठीत छापलेला प्रत्येक ग्रंथ राष्ट्राच्या संग्रहात कायमचा राहील याची हमी कशावर अवलंबून आहे, याचा विचार केला आहे.

राष्ट्रीय ग्रंथालय : संकल्पना

राष्ट्रीय ग्रंथालयाची कल्पना ग्रंथ जमा करण्याच्या कायदेशीर सक्तीतून विकसित झाली. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने १५३७ मध्ये काढलेल्या आज्ञेनुसार राज्यात छापलेल्या ग्रंथाची प्रत राजग्रंथालयात देणे बंधनकारक झाले. इंग्लंडमध्ये १६१० मध्ये सर थॉमस बोडले यांनी लंडनच्या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाशी करार करून ऑक्सफर्डच्या ग्रंथालयासाठी अशीच सोय केली. ब्रिटिश म्युझियमची स्थापना १७५३ मध्ये झाली. परंतु तेथील ग्रंथालयाकडे नियमाने येणाऱ्या प्रती प्रत्यक्षात येऊ लागल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अँटोनिओ पानिझी यांनी चुकार प्रकाशकांविरुद्ध कारवाईचा आग्रह धरल्यानंतर. कायदा असणे आणि तो पाळला जाणे यांतील हे अंतर भारताच्या संदर्भातही महत्त्वाचे ठरते.

युनेस्कोने १९७० मध्ये ग्रंथालयीन आकडेवारीच्या प्रमाणीकरणासंबंधी केलेल्या शिफारशीत राष्ट्रीय ग्रंथालयाची व्याख्या दिली. देशात प्रसिद्ध होणाऱ्या सर्व महत्त्वाच्या प्रकाशनांच्या प्रती मिळविणे व जतन करणे आणि कायद्याने वा अन्य व्यवस्थेने निक्षेप ग्रंथालय म्हणून काम करणे, हा या व्याख्येचा गाभा आहे. राष्ट्रीय ग्रंथसूची तयार करणे, आपल्या देशाविषयी परदेशांत प्रसिद्ध झालेले साहित्य जमविणे, सूचीविषयक माहितीचे केंद्र म्हणून काम करणे व संघतालिका तयार करणे ही कार्ये तिला जोडून येतात. संग्रहाची भव्यता ही राष्ट्रीय ग्रंथालयाची खरी ओळख नसून संग्रहाची परिपूर्णता आणि त्या संग्रहाची सूची ही खरी ओळख होय, असे या व्याख्येतून स्पष्ट होते.

सार्वजनिक ग्रंथालय ते इम्पीरियल लायब्ररी

कोलकात्याच्या संस्थेचा प्रारंभ १८३६ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता पब्लिक लायब्ररीत आहे. हे ग्रंथालय सरकारी नव्हते. एकरकमी वा तीन हप्त्यांत ३०० रुपये देणारी व्यक्ती त्याची मालक-सभासद गणली जाई. द्वारकानाथ टागोर हे त्याचे पहिले मालक-सभासद होत. तत्कालीन हंगामी गव्हर्नर जनरल सर चार्ल्स मेटकाफ यांनी फोर्ट विल्यम कॉलेजच्या ग्रंथालयातील ४,६७५ ग्रंथ या नव्या संस्थेकडे दिले. मेटकाफ यांनीच १८३५ मध्ये मुद्रणावरील निर्बंध उठविले होते. त्यांच्या सन्मानार्थ लोकवर्गणीतून उभारलेल्या मेटकाफ हॉलमध्ये १८४४ मध्ये हे ग्रंथालय गेले.

फोर्ट विल्यम कॉलेजचा उल्लेख मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १८०० मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयात विल्यम कॅरी मराठीचे अध्यापन करीत. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी सिद्ध केलेले मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आणि त्यानंतर सिंहासन बत्तिशी (१८१४), हितोपदेश (१८१५), राजा प्रतापादित्याचे चरित्र (१८१६) ही पुस्तके तेथूनच निघाली. अर्थात, मराठी ग्रंथमुद्रणाचे पहिले पर्व बंगालमध्ये घडले.

दुसरीकडे, कलकत्त्यातील सरकारी सचिवालयांची विविध ग्रंथालये एकत्र करून १८९१ मध्ये इम्पीरियल लायब्ररी निर्माण करण्यात आली. तिचा उपयोग प्रामुख्याने वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरता मर्यादित होता. लॉर्ड कर्झन यांनी कलकत्ता पब्लिक लायब्ररीचे हक्क सरकारकडे घेऊन दोन्ही संग्रह एकत्र केले आणि ३० जानेवारी १९०३ रोजी मेटकाफ हॉलमध्ये इम्पीरियल लायब्ररी जनतेस खुली झाली. ब्रिटिश म्युझियममधील अनुभवी ग्रंथपाल जॉन मॅकफार्लेन यांची तेथे नेमणूक झाली. त्यांच्यानंतर १९०७ मध्ये बहुभाषाकोविद हरिनाथ डे हे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले.

भारताविषयीचे ग्रंथालय ते भारताचे ग्रंथालय

इम्पीरियल लायब्ररी हे संदर्भासाठीचे, विद्यार्थ्यांनी बसून काम करण्याचे आणि भावी इतिहासकारांसाठी साधने साठविण्याचे ठिकाण व्हावे, भारताविषयी केव्हाही लिहिला गेलेला ग्रंथ शक्यतो तेथे पाहावयास मिळावा, अशी कर्झन यांची भूमिका होती. ही भूमिका उदात्त वाटली तरी तिची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. ‘भारताविषयी लिहिलेले ग्रंथ’ आणि ‘भारतात, भारतीय भाषांत निर्माण झालेले ग्रंथ’ हे दोन संग्रह एक नव्हेत. राज्यकर्त्यांना भारत जाणून घ्यावयाचा होता; भारतीय भाषांतील समग्र मुद्रित साहित्य जतन करणे हे त्या ग्रंथालयाचे प्रधान उद्दिष्ट नव्हते. देशात छापलेल्या प्रत्येक ग्रंथाची प्रत मिळविण्याचा अधिकारही त्याला नव्हता. १९२६ मध्ये रिची समितीने या ग्रंथालयास असा अधिकार मिळावा अशी शिफारस केली. परंतु तिची फलश्रुती होण्यास स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली.

१९४८ मध्ये नामांतराचा कायदा होऊन इम्पीरियल लायब्ररीचे राष्ट्रीय ग्रंथालय झाले. अलीपूर येथील बेल्व्हेडियर या एके काळच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या निवासस्थानात संग्रह हलविण्यात आला व १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते ते वाचकांसाठी खुले झाले. बी. एस. केशवन हे राष्ट्रीय ग्रंथालयाचे पहिले ग्रंथपाल होत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या ६२ व्या नोंदीत या संस्थेचा नामनिर्देश आहे, तर इतर ग्रंथालये सर्वसाधारणपणे राज्यसूचीत येतात. एका ग्रंथालयाचा राज्यघटनेत नावाने उल्लेख व्हावा, ही घटना त्याचे स्थान स्पष्ट करते.

याच काळात व्यक्तिगत संग्रहांची मोलाची भर पडली. सर आशुतोष मुखर्जी यांचा सुमारे ८०,००० ग्रंथांचा संग्रह त्यांच्या कुटुंबीयांनी १९४९ मध्ये दिला. सर जदुनाथ सरकार यांचा संग्रहही येथे आला. सरकार यांचे शिवाजी महाराजांवरील इंग्रजी चरित्र १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘मराठी रियासत’कार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशी त्यांचा दीर्घकाळचा स्नेह होता व दोघांनी मिळून पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराच्या प्रकाशनाचे काम पार पाडले. मराठ्यांच्या इतिहासाची साधने केवळ पुण्या-साताऱ्यातच शोधावयाची असतात, हा समज दूर करण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

मराठी ग्रंथांचे जतन : मुंबई, लंडन आणि ठाणे

राष्ट्रीय ग्रंथालय अस्तित्वात येण्यापूर्वी मराठी ग्रंथांची नोंद कोठे होत होती, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. १८६७ च्या मुद्रणालये व ग्रंथनोंदणी कायद्यानुसार मुद्रकाला ग्रंथाच्या प्रती प्रांतिक सरकारकडे द्याव्या लागत आणि त्यांवरून त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होत. १८५७ नंतरच्या काळात देशी भाषांतील मुद्रणावर लक्ष ठेवणे हा यामागील एक हेतू होता. तथापि, देखरेखीसाठी तयार झालेल्या याच याद्या पुढे वाङ्मयेतिहासाचे विश्वसनीय साधन ठरल्या. नियंत्रणाच्या यंत्रणेतून स्मृतीची सामग्री निर्माण व्हावी, हा वसाहतकालीन इतिहासातील एक विरोधाभासच म्हणावा लागेल.

याच व्यवस्थेतून निवडक ग्रंथ लंडनला जात. जे. एफ. ब्लूमहार्ट यांनी तयार केलेली ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती मुद्रित ग्रंथांची तालिका १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. इम्पीरियल लायब्ररी जनतेस खुली होण्याच्या अकरा वर्षे आधी मराठी ग्रंथांची छापील तालिका लंडनमध्ये उपलब्ध होती, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

त्यानंतर एका वर्षात, १८९३ मध्ये, ठाणे येथे मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे हे तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख होत. मराठीतील सर्व मुद्रित ग्रंथ एकत्र करावेत हा या संस्थेचा हेतू पाहता, राष्ट्रीय ग्रंथालयाचे कार्य एका भाषेपुरते का होईना, लोकांनी आपल्या बळावर हाती घेतले होते असे म्हणता येते. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. या प्रयत्नांची परिणती सूचीकार्यात झाली. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची वर्गीकृत सूची सिद्ध केली व पुढील भागात १९५० पर्यंतचे ग्रंथ नोंदविले. ज्या काळात देशाला राष्ट्रीय ग्रंथसूची नव्हती, त्या काळात एका व्यक्तीने आपल्या भाषेसाठी हे काम केले.

१९५४ चा कायदा

संसदेने १९५४ मध्ये ग्रंथ प्रदान (सार्वजनिक ग्रंथालये) कायदा संमत केला आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांचा त्यात समावेश केला. या कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकाने ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि प्रत्येकी एक प्रत अन्य तीन ग्रंथालयांस द्यावयाची असते. चेन्नईचे कोनेमारा सार्वजनिक ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय ही ती तीन ग्रंथालये होत. राष्ट्रीय ग्रंथालयास द्यावयाची प्रत नकाशे व चित्रांसह पूर्ण, बांधलेली आणि उत्तम कागदावरची असावी, अशी स्पष्ट तरतूद आहे. कोणताही बदल न करता काढलेल्या पुनरावृत्तीस मात्र हे बंधन नाही. प्रत मिळाल्याची लेखी पोच देणे ग्रंथालयावर बंधनकारक आहे.

या कायद्याने मराठी ग्रंथाला चार स्वतंत्र ठिकाणी संरक्षण दिले. आग, पूर, वाळवी अथवा दुर्लक्ष यांमुळे एका ठिकाणची प्रत नष्ट झाली तरी इतर तीन ठिकाणी ती राहावी, हे या रचनेमागील तत्त्व आहे. चारपैकी एक ग्रंथालय महाराष्ट्रात असल्यामुळे मराठी अभ्यासकास त्याचा विशेष लाभ मिळतो. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय दीर्घकाळ एशियाटिक सोसायटीशी निगडित होते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची तरतूद करण्यात आली.

परंतु कायद्याची अंमलबजावणी हा त्याचा दुबळा भाग राहिला. मूळ कायद्यात ठेवलेला दंड जास्तीत जास्त ५० रुपये आणि ग्रंथाच्या किमतीइतकी रक्कम एवढाच होता. शिवाय केंद्र शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवाचून न्यायालयास दखल घेता येत नाही. चार प्रतींची किंमत व टपालखर्च दंडाहून अधिक होत असेल, तर केवळ शिक्षेच्या भीतीने कायदा पाळला जाईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. कायद्याचे पालन अखेरीस प्रकाशकाच्या जाणिवेवरच अवलंबून राहते.

राष्ट्रीय ग्रंथसूची

या कायद्यान्वये आलेल्या ग्रंथांच्या आधारे भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची तयार केली जाते. त्यासाठी १९५५ मध्ये कलकत्त्यात केंद्रीय संदर्भ ग्रंथालय स्थापन झाले. ऑक्टोबर ते डिसेंबर १९५७ या तिमाहीचा पहिला अंक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभी त्रैमासिक असलेली ही सूची १९६४ पासून मासिक झाली. इंग्रजीसह भारतीय भाषांतील ग्रंथांच्या नोंदी रोमन लिपीत एकाच क्रमात देण्याची पद्धत तीत स्वीकारण्यात आली. एका विषयावर मराठी, कन्नड व बंगालीत काय प्रसिद्ध झाले हे शेजारी शेजारी पाहता यावे, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. मराठी ग्रंथाचे नाव रोमन लिप्यंतरात शोधण्याची सवय नसलेल्या वाचकास मात्र ती काहीशी दूरची वाटते.

पूर्वीच्या काळातील उणीव भरून काढण्यासाठी साहित्य अकादमीने १९०१ ते १९५३ या कालखंडाची भारतीय साहित्याची राष्ट्रीय सूची बी. एस. केशवन व व्ही. वाय. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली चार खंडांत प्रसिद्ध केली. तिच्या तिसऱ्या खंडात मराठीचा समावेश आहे. दाते यांची सूची, अकादमीची सूची आणि चालू राष्ट्रीय सूची या तिन्ही एकत्र वापरल्या म्हणजे एकोणिसाव्या शतकापासूनच्या मराठी मुद्रणाचा माग घेता येतो.

येथे एक कार्यकारणभाव लक्षात घेणे आवश्यक आहे. राष्ट्रीय सूची प्राप्त ग्रंथांवरून तयार होते. जो ग्रंथ जमा झाला नाही, तो सूचीत येत नाही; आणि जो सूचीत नाही, तो भावी संशोधकाच्या दृष्टीने जणू प्रसिद्धच झालेला नसतो. जिल्ह्याच्या ठिकाणी छापलेला स्थानिक इतिहास, बोलीतील कवितासंग्रह, संस्थेचा स्मरणग्रंथ, चळवळीतील कार्यकर्त्याने स्वतः छापलेले आत्मचरित्र हे ग्रंथ बाजारातून लवकर नाहीसे होतात. मोठ्या प्रकाशनसंस्थेचा ग्रंथ अनेक ग्रंथालयांत सापडतो. या ग्रंथांना मात्र चार प्रतींचाच खरा आधार असतो.

राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सेवा

राष्ट्रीय ग्रंथालयाच्या कार्याचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या झा समितीने १९६९ मध्ये अहवाल दिला. देशातील महत्त्वाच्या मुद्रित साहित्याचे व राष्ट्रीय मोलाच्या हस्तलिखितांचे जतन, भारताविषयीच्या विदेशी साहित्याचा संग्रह, चालू व पूर्वलक्षी सूचीसेवा, माहितीच्या अन्य स्रोतांकडे मार्गदर्शन, प्रतिलिपी सेवा आणि आंतरराष्ट्रीय ग्रंथविनिमय व ग्रंथ देवघेव ही तिची कार्ये मानली जातात. आज वीस लाखांहून अधिक ग्रंथांच्या या संग्रहात भारतीय भाषांचे स्वतंत्र विभाग असून त्यांत मराठी विभागाचाही समावेश आहे. भाषानिहाय विभागामुळे त्या भाषेचा जाणकार ग्रंथ मिळविणे, त्यांचे तालिकीकरण करणे व वाचकास साहाय्य करणे ही कामे एकत्रितपणे पाहू शकतो. २००४ मध्ये भाषा भवन या नव्या इमारतीची भर पडली.

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकास प्रत्यक्ष कोलकात्यास जाणे नेहमी शक्य नसते. सूचीचा वापर करून ग्रंथाचे अस्तित्व निश्चित करणे, मुंबईच्या निक्षेप ग्रंथालयात तो आहे का हे पाहणे आणि नसल्यास ग्रंथपालामार्फत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे प्रतिलिपीसाठी चौकशी करणे, हा क्रम त्याच्यासाठी उपयुक्त ठरतो. संशोधक विद्यार्थ्यांना हा मार्ग शिकविणे हा संशोधन पद्धतीच्या अध्यापनाचा भाग असावयास हवा.

नवी परिस्थिती आणि महाविद्यालयांची जबाबदारी

गेल्या काही वर्षांत परिस्थितीत महत्त्वाचे बदल झाले. १८६७ च्या कायद्याची जागा घेणारा नियतकालिकांविषयीचा नवा कायदा २०२३ मध्ये संमत होऊन १ मार्च २०२४ पासून अमलात आला. त्यात ग्रंथनोंदणीची तरतूद ठेवण्यात आलेली नाही. त्यामुळे १९५४ च्या कायद्याचे महत्त्व वाढले आहे. दुसरे असे की, १९५४ च्या कायद्यातील ‘ग्रंथ’ ही संज्ञा मुद्रित व शिलामुद्रित साहित्याभोवती रचलेली आहे. ब्रिटनमध्ये २०१३ च्या नियमांनी अमुद्रित प्रकाशनेही निक्षेपाच्या कक्षेत आणली. केवळ विद्युतप्रतीच्या रूपात निघणारे मराठी ग्रंथ व नियतकालिके जतन करण्याचा प्रश्न आपल्याकडे याच दृष्टीने पाहिला पाहिजे.

तिसरी बाब अध्यापकांशी थेट संबंधित आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक देणारी राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था १९८५ पासून कार्यरत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांत प्रकाशनांच्या गुणांकनासाठी या क्रमांकाचा उल्लेख आल्यापासून अध्यापकवर्गात त्याविषयी जागरूकता वाढली. परंतु क्रमांक मिळणे आणि ग्रंथ जमा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्रमांक ग्रंथाची ओळख पटवितो. त्याचे जतन करीत नाही. चर्चासत्रातील शोधनिबंधांचा संग्रह महाविद्यालय स्वतः प्रकाशित करते, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते महाविद्यालयच प्रकाशक असते आणि चार प्रती पाठविण्याचे दायित्व त्याच्यावर येते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. भारताचे राष्ट्रीय ग्रंथालय हे वर्गणीदारांचे ग्रंथालय, सरकारी संदर्भ ग्रंथालय आणि राष्ट्राचे निक्षेप ग्रंथालय या तीन अवस्थांतून घडले. ‘भारताविषयीचे’ ग्रंथालय ‘भारताचे’ झाले ते १९४८ च्या नामांतराने जितके, त्याहून अधिक १९५४ च्या कायद्याने.

२. मराठी ग्रंथांच्या बाबतीत राष्ट्रीय व्यवस्थेच्या आधी लोकप्रयत्न उभे राहिले होते. ठाणे व मुंबई येथील ग्रंथसंग्रहालये आणि दाते यांची सूची ही त्याची साक्ष होय.

३. निक्षेप, सूची व वाचकसेवा या एकाच साखळीच्या कड्या आहेत. पहिली कडी निसटली तर पुढील दोन्ही निरर्थक ठरतात.

४. दंडाची तरतूद अपुरी असल्याने कायद्याचे यश प्रकाशकांच्या व संस्थांच्या स्वेच्छेवर अवलंबून आहे. प्रकाशन करणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने चार प्रती पाठवून त्यांच्या पोचपावत्या ग्रंथालयात जपून ठेवण्याची जबाबदारी ग्रंथपालाकडे रीतसर सोपविणे सहज शक्य आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी शिलालेख व पोथ्या जपून ठेवणाऱ्यांचे ऋण आपण मान्य करतो. आजच्या मराठीचा पुरावा उद्याच्या अभ्यासकासाठी जपून ठेवणे हे त्याच ऋणाची परतफेड करण्यासारखे आहे, आणि त्याचा प्रारंभ आपल्या महाविद्यालयातून निघालेल्या पुढील ग्रंथाच्या चार प्रतींपासून होऊ शकतो.